अप्पांनी पास केलेला नकाशा

परवानगी आली तेव्हा माझ्या हातातली कॉफी अजून गरम होती. आनंदानं मी स्वयंपाकघरातच गिरकी घेतली.

आत्या पापनाशमला भाड्याच्या घरात एकटीच राहायची. मालकाला ते घर पाडायचं होतं आणि तिला दुसरीकडे कुठंच जायला जागा नव्हती. म्हणून तंजावुरात आमच्या घराशेजारच्या रिकाम्या जागेत तिच्यासाठी दोन खोल्या बांधायच्या ठरल्या. सरकारनं नुकताच नियम बदलला होता. लहान घराचा नकाशा ऑनलाइन भरायचा, तो नियमात बसतो हे आपणच लिहून द्यायचं, शुल्क भरलं की परवानगी. आधी कुणी बघायला येत नाही.

माझ्या वडिलांचा, अप्पांचा, मात्र चेहरा पडला. इमारतींचे नकाशे तपासण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती.

"कोण येऊन पाहिलं? टेप कोण धरलं?"

"कुणी नाही, अप्पा. मीच लिहून दिलं."

"तूच मागायचं, तूच द्यायचं? बरं हाय की!"

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून त्यांनी स्वतःच्याच घराची बेल वाजवली. "या सार, कॉफी घ्या सार," मी म्हटलं. "ड्यूटीवर घेत नाही," ते म्हणाले. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं आणि टेपचं टोक दोनदा हातातून सुटलं.

मग त्यांनी चूक पकडली. आमच्या गल्लीत प्रत्येक दारापुढची तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा, हद्दीबाहेर रस्त्यावर आलेली आहे. पिढ्यान् पिढ्या तिथं बसलो, म्हणून मी ती आपलीच धरून तिच्या कडेपासून माप घेतलं होतं. खोल्या रस्त्याच्या फार जवळ जात होत्या. उद्या कुणी काम थांबवलं असतं तर आत्या कुठं गेली असती? माझी पाचावर धारण बसली.

अप्पांनी मला रीतसर हरकतीचं पत्र लिहिलं, मी खोल्या मागं सरकवून नकाशा पुन्हा भरला. त्यांनी पुन्हा मोजलं, लफ्फेदार सही ठोकली आणि स्वतःच फोन लावला.

"अक्का, तुझं प्लान पास झालं!"

फोनवरून आत्याचा आवाज आला.

"एकदाचं पास केलास की रे."

ती पुढं बोलत गेली तेव्हा मला कळलं. फार वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या घराचा नकाशा अप्पांच्याच टेबलावर आला होता. बहिणीला सवलत नको, म्हणून त्यांनी तो दोनदा परत पाठवला. मग आत्याचे यजमान गेले आणि घर राहूनच गेलं.

"तिसऱ्यांदा तू आणलंसच नाही की, अक्का," अप्पा म्हणाले.