पितरांचे दिवे विझू नयेत म्हणून

त्साय श्वेलायचं विजेचं शिक्षण कापडगिरणीत यंत्रांना तेल घालता घालता झालं होतं. म्हणजे झालंच नव्हतं. पण निवृत्त झाल्यावर लुकांग गावच्या त्या बोळात कुणाचा पंखा रुसला की हाक त्यालाच. पैसे घेत नसे. उकडलेल्या शेंगा, चहा आणि तासभर कौतुक. कौतुकाला एवढा हपापलेला, की एखाद्या घरात सगळं सुरळीत चाललेलं दिसलं तर बिचाऱ्याचं तोंड उतरे!

समोरच्या घरात हुंग आजी एकट्या राहत. त्यांच्या देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या नावांच्या पाटीपुढे, विजेचे दोन लाल दिवे अखंड जळत. त्या उन्हाळ्यात मीटरजवळचा ब्रेकर रोज आपोआप पडून वीज तोडू लागला आणि दिवे विझू लागले. त्यांच्या मुलाने परवाना असलेली वायरमन बाई पाठवली. को तिचं नाव.

"आजी, देव्हाऱ्यामागच्या वायरचं आवरण पार झडलंय. ब्रेकर पडतोय म्हणून घर उभं आहे तुमचं. देव्हारा हलवून वायर बदलावी लागेल."

"भुतांचा महिना लागलाय, पोरी. आता देव्हारा हलवतात होय?"

"मग महिनाभर दिवे बंद ठेवा."

"म्हणजे पितरांनी जेवायला यायचं आणि चाचपडायचं?"

को बाईने दिव्यांची ती लाईन बंद केली, ब्रेकरवर 'चालू करू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि गेली. तिची पाठ वळते न वळते तोच आजी दारात.

"श्वेलाय, माझ्या सासूसासऱ्यांना अंधारात बसवून गेली रे ती!"

"परवाना भिंतीवर टांगायला असतो, आजी. वायरीला वाचता येतो का तो?"

त्याने चिठ्ठी फाडली, मधला ब्रेकर काढून टाकला आणि दिव्यांची वायर थेट मीटरकडून येणाऱ्या तारेला जोडली. दिवे लागले. आजींनी हात जोडले. ते पितरांना होते की आपल्याला, हे श्वेलायने आपल्या सोयीने ठरवलं.

नवव्या दिवशी दुपारी तो ओट्यावर शेंगा सोलत होता. समोरच्या खिडकीतून धूर निघाला. आजी पितरांसाठी कागदी नोटा जाळत असतील, त्याला वाटलं. त्या महिन्यात सगळा बोळच जाळतो. त्याने आणखी चार-पाच शेंगा सोलल्या.

मग खिडकीची काच फुटली.

बंबवाल्यांनी आजींना बाहेर आणलं, तेव्हा त्या दुपारच्या झोपेतून उठल्याच नव्हत्या.

अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला मुलगा रीतीप्रमाणे आभाराचा पांढरा टॉवेल देत होता. श्वेलायच्या हातात टॉवेल ठेवताना तो म्हणाला, "काका, आईला तुमचा फार आधार होता. फक्त एक कळत नाही. को बाईने ती लाईन बंद केली होती ना?"

रांगेत मागे लोक उभे होते. काहीही बोलून पुढे सरकता आलं असतं.

"केली होती," श्वेलाय म्हणाला. "मी चालू केली. ब्रेकर काढून."

मुलाने श्वेलायच्या हातातला टॉवेल काढून घेतला, नीट घडी घातली आणि ढिगावर परत ठेवला.