नायकाची पाठ

सिनेमाला जाऊन सिनेमाच न बघणारी बाई अख्ख्या सोलापुरात एकच होती, आणि ती माझ्या वाट्याला आत्या म्हणून आली होती. ती बघायची फक्त कपडे. पडद्यावर नायिकेची आई प्राण सोडत असायची, सगळं थिएटर मुसमुसत असायचं आणि ही माझ्या कानाशी लागायची, "मघाशी हिरवं पोलकं होतं की रे, मरताना निळं कसं झालं?" पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायची आणि मी खुर्चीत खाली खाली सरकायचो. गोष्टीबद्दल विचारलं तर म्हणायची, "गोष्टीत काय बघायचं? ती सगळ्यांची सारखीच असतीय की."

बेलबॉटमचे दिवस होते ते. दर जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की आत्या वर्षभरातल्या सिनेमांचा निकाल लावायची. ज्या पोशाखाचा पहिला नंबर, तो स्वतः मशीनवर शिवायची आणि घरातल्या कुणाच्या तरी अंगावर चढवायची. बक्षीस नटाला, शिक्षा आम्हाला. एका वर्षी बिचारे काका खलनायकाचा झालरीचा सदरा घालून गिरणीत कामावर गेले होते.

माझी पाळी आली ती नेमकी अक्कलकोटला मुलगी बघायला जायच्या वेळी. आधीच्या स्थळांनी मला नाकारलं होतं आणि ही मुलगी तर मला फोटोतच आवडून बसली होती. त्या वर्षी पहिला आला होता नायकाचा रुंद कॉलरचा कोट. आत्यानं तो सिनेमा पुन्हापुन्हा पाहिला, पण तो गृहस्थ कोट घालून एकदाही पाठमोरा वळला नाही. शेवटी कोट माझ्या हातात आला तेव्हा पुढून अगदी साहेबी होता आणि मागे पाठभर घरातली सोलापुरी चादर, मोठ्या लाल फुलासकट.

"आत्या, हे काय केलंस?"

"जे बघितलंच न्हाय ते खोटं कसं शिवू? पुढचं त्याचं, मागचं आपलं. घाल की."

माझा दुसरा कोट तिनं मापासाठी आधीच उसवला होता. संताप गिळून मी तोच घातला.

मुलीच्या घरी मी भिंतीला पाठ लावून पोहे खाल्ले. सगळं सुरळीत पार पडत होतं, तेवढ्यात आत्याच म्हणाली, "अरे, आजोबांच्या पाया पड की." वाकावंच लागलं. मुलीच्या आजोबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "चादर लई चांगली हाय. पण पोरगं कोट घालूनच झोपतंय काय?" मुलगी इतकी हसली की तिला आत न्यावं लागलं.

परतीच्या एसटीत मी आत्याला सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसलो. आठवड्यानं होकार आला. तो कोटामुळेच आला, हे आत्यानं मला जन्मभर ऐकवलं, आणि बायकोनंही कधी नाही म्हटलं नाही.

पुढे आत्याची नजर गेली. मी सिनेमाहून आलो की ती दारातच अडवायची. "गोष्ट ऱ्हाऊ दे. काय घातलं हुतं ते सांग." मी वैतागत कॉलरी, बटणं, काठ सगळं सांगायचो. शेवटी ती हळूच विचारायची, "आन् पाठ? दिसली का रे?" दिसलेली नसली तरी मी दिसली म्हणायचो.

आता आत्या नाही. थिएटरात बायको शेजारी बसून गोष्टीत रमते, डोळे पुसते. मी मात्र नायक कधी वळतो याची वाट बघत बसतो. तो वळतोही. पण घरी जाऊन सांगायचं कुणाला?