जेवणानंतरची गोळी

अष्टमीच्या सकाळी आईच्या उजव्या हातातली ताकद गेली. बातमी ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला आला तो संताप, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

मखमलाबादच्या पुढे आमचा अर्धा एकर झेंडू आहे. दसऱ्याच्या आधीचे चार दिवस म्हणजे आमच्या घराचं वर्ष. आई उजाडल्यापासून तोडणीला वाकलेली, वर नवरात्राचे उपास. त्या दिवशी क्रेट भरता भरता तिच्या हातातून फुलं गळायला लागली. ती उचलायची, पुन्हा गळायची. भावजयीनं जवळ जाऊन पाहिलं तर आईचं तोंड एका बाजूला ओढलेलं. भावानं फुलं तशीच टाकली, तिला गाडीत घालून नाशिकला दवाखान्यात आणलं आणि मला शाळेत फोन केला.

मी पोहोचले तेव्हा उपचार सुरू झाले होते. मेंदूत गुठळी अडकली होती, प्रेशर दोनशेच्या वर. हात परत चालेल का, हे डॉक्टरांना इतक्यात सांगता येत नव्हतं.

"बीपीची गोळी रोज चालू होती ना?" त्यांनी विचारलं.

"हो तर! दर महिन्याला मीच आणून देते," मी छातीठोकपणे सांगितलं.

भावजयीनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. पहिल्या माळेपासून एकही गोळी फोडलेली नव्हती.

मी वॉर्डात जाऊन सगळ्यांसमोर आईवर ओरडले. का नाही घेतल्यास? ती जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "जेवल्यावर घ्यायची सांगितलीये ना? मी जेवलेच नाय. मंग कशी घेऊ?"

औषधाच्या दुकानदारानं पाकिटावर पेनानं लिहून दिलं होतं, जेवणानंतर एक. चार वर्षं तिनं ते तंतोतंत पाळलं. लग्नकार्यात, मयतीच्या घरीसुद्धा दोन घास खाऊन गोळी घेतली. निष्काळजी असती तर मला तिच्यावर धड रागावता तरी आलं असतं! उपासात संध्याकाळी मूठभर खारे शेंगदाणे आणि बटाट्याचे वेफर्स ती खायची, पण ते तिच्या लेखी जेवण नव्हतं. प्रेशरवाल्या माणसाला त्या मिठाचाही त्रासच.

आणि हा आजार असा दगाबाज की काही कळूच देत नाही. दात दुखला तर माणूस घर डोक्यावर घेतो. प्रेशर दोनशेला गेलं तरी बाई झेंडू तोडत राहते.

माझ्या मागोमाग आलेले डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबरही चालते. उपास असो, बरं वाटत असो, मनानं बंद करायची नाही. उपास धरायच्या आधी आम्हाला विचारायचं." एवढंच! एवढं एक वाक्य चार वर्षांत कुणी तिला सांगितलं नव्हतं. मला त्या दुकानदाराचा राग आला, डॉक्टरांचा आला, देवीचासुद्धा आला.

सगळा पुन्हा आईवरच निघाला. "आठ दिवस! मला एक फोन करून विचारता आलं नाही तुला?"

"तूच करत होती ना फोन," ती म्हणाली. "रोज. इचारायची, आई, काही खाल्लं तं नाय ना? उपास मोडू नको. माझ्या शाळेतल्या बायांना मी सांगते म्हने, या वयात माझी आई बघा."

भावजय खिडकीबाहेर बघायला लागली. मी शिक्षिका आहे, आणि मी रोज तिला तेच विचारलं होतं. गोळीचं एकदाही नाही.

मी तिचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि म्हटलं, "दाब, आई." तिनं डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, सगळा जीव लावला.

"दाबला ना?" तिनं विचारलं.

माझ्या तळव्याला काहीच जाणवलं नव्हतं. मी हो म्हटलं.