रानहोल्याचा बोकड

क्लातेनजवळच्या गावात पाक गुनार्दी, म्हणजे आपल्याकडचे गुनार्दीराव, सायकली दुरुस्त करत, पण लोक त्यांना ओळखत ते होला पक्ष्यांच्या घुमण्याच्या स्पर्धेचे परीक्षक म्हणून. उंच खांबांवर पिंजरे चढायचे आणि हे खाली मान घालून फिरायचे. बावीस वर्षांत त्यांनी एकदाही वर पाहिलं नव्हतं. "डोळे लाचखाऊ असतात," ते म्हणत. "पिंजऱ्याची नक्षी बघून विरघळतात. कान बिचारे गरीब." बायकोसुद्धा त्यांनी पडद्याआडून आवाज ऐकून पसंत केली होती. माणूस इतका सरळ, की घरच्यांना जाच.

त्या रविवारी सातव्या खांबाखाली त्यांचे पाय थबकले. असं घुमणं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले आणि पहिल्या नंबरचं निशाण त्यांनी त्या खांबाला लावून टाकलं. बक्षीस होतं एक बोकड.

खांब निघाला पाक दर्सोनोंचा, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांचा. गुनार्दींची लेक वेनिंग आणि दर्सोनोंचा पामुंगकास यांचं लग्न महिन्यावर आलेलं. सगळं कसं छान जुळून आलं होतं. इतक्यात कोणीतरी म्हणालं, "अहो, पिंजऱ्यातला तर झोपलाय. घुमतोय तो वर बसलेला रानातला."

गुनार्दींनी मान वर केली. खरंच होतं.

"असू दे हो," दर्सोनो कानाशी लागले. "खांब माझा, निशाण माझं. घरातलीच गोष्ट."

"निशाण खांबाचं नसतं, आवाजाचं असतं."

त्यांनी निशाण काढलं. रानहोला उडून कुंपणापलीकडच्या फणसावर बसला. गुनार्दी चिखल तुडवत गेले आणि निशाण फणसाला बांधू लागले. होला गावकचेरीच्या छपरावर गेला, तर हेही तिकडे. तो फणसावर परतला, हेही परतले. अख्खी स्पर्धा त्यांच्या मागे हिंडत होती.

दर्सोनोंचा पारा चढला. "रानपाखराला बोकड देणाऱ्याची लेक माझ्या घरात नको. निशाण परत आणा, नाहीतर लग्न मोडलं समजा."

गर्दीत वेनिंग ओठ दाबून उभी होती. तिच्याकडे बघायची गुनार्दींची छाती झाली नाही. त्यांनी मान खाली घातली आणि निशाणाची गाठ आवळली.

मग त्यांना खाली चार खूर दिसले, शेजारी चिखलाने भरलेल्या चपला. दर्सोनोंचा मुलगा पामुंगकास बोकड ओढत फणसाखाली आला होता.

"बाबा," दोर बुंध्याला गुंडाळत तो गुनार्दींना म्हणाला, "एक गाठ पुरेल का?"

गुनार्दींनी त्या दिवशी दुसऱ्यांदा मान वर केली.

"दोन मार," ते म्हणाले. "बोकड दुसऱ्याचा आहे."