काकींच्या हातांनी सांगितलेलं

माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणायचे. शेकडो साचे एकदम चालत, तेव्हा शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून कामगार हातांनी बोलत. दोन बोटं झटकन दूर केली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. आडवा पंजा हवेत दाबला की साचा बंद कर. बाबा घरीही असंच बोलत. मीठ हवं असलं तरी चिमूट दाखवत. बघून बघून मला ती भाषा वाचता यायला लागली.

शेजारच्या साच्यावरचे काका आमच्याच चाळीत, चौकापलीकडच्या गॅलरीत राहत. त्यांचं उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अपघातात अर्धं गेलं होतं, म्हणून ते मधल्या बोटानं खुणा करत. सुट्टीच्या दिवशी दोघं आपापल्या कठड्याशी उभे राहून तासभर हातांनी गप्पा मारत. "मुक्यांचो बाजार!" म्हणून काकी हसायच्या. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही. गिरणी त्यांनी आतून कधी पाहिलीच नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एका दुपारी लालबागच्या रस्त्यावर मोर्च्यावर गोळीबार झाला. त्यात काका गेले. बाबाही त्या मोर्च्यात होते, पण घरी येऊन त्यांनी कुणाला काहीच सांगितलं नाही.

तेराव्यानंतर ते रोज पाळीवरून आले की गॅलरीत उभे राहत आणि समोरच्या रिकाम्या कठड्याकडे बघत हात हलवत. मग थांबत. कुणी उत्तर देत असावं तशी मान हलवत. पुन्हा हात. मी दाराआडून वाचलं. 'तू मागं होतास. मी या डाव्या हातानं पुढं ये म्हटलं. कशाला आलास?' रोज एवढंच.

मी आईला सांगितलं. तिनं मला आत ओढलं. "बघू नको गो तिकडे."

एके संध्याकाळी काकी समोर धुणं वाळत घालत होत्या. बाबांचे हात सुरू झाले. काकी वळल्या. त्यांच्या हातातलं लुगडं सुटून खाली चौकात पडलं. मग त्यांचा उजवा हात वर आला. अंगठ्याशेजारचं बोट मुडपलेलं, मधलं ताठ. त्यांनी मधलं बोट बाबांकडे रोखलं, पंजा आडवा करून हवेत दाबला, मग दोन्ही हातांचं छप्पर केलं. 'साचा बंद कर. घरी जा.' चेहरा मात्र झोपेतल्या माणसासारखा.

बाबांनी हात खाली घेतले. मी जिन्यानं धावत पलीकडे गेले.

"काकी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"काय गो?"

"आत्ता हातांनी केलंत ते."

त्यांनी आधी माझ्याकडे, मग रिकाम्या दोरीकडे पाहिलं. "माझां लुगडां खंय गेलां?"

त्याच महिन्यात काकी गावाला निघून गेल्या. बाबांनी गिरणीतलं खातं बदलून घेतलं. आता ते कापडाच्या घड्या घालत. तिथं माणसांना बोललेलं ऐकू यायचं. घरीही ते तोंडानं बोलू लागले, इतक्या मोठ्यानं की आम्ही दचकायचो. जेवायला बसले की डावा हात मांडीखाली दाबून ठेवत. का, ते विचारायचा धीर मला कधी झाला नाही.