मुठीतली घंटी

आमच्या गोल्फच्या मैदानावर दोन नियम आहेत. कुणी चेंडू मारत असताना आवाज करायचा नाही, आणि आपण संथ असलो तर मागच्यांना पुढं जाऊ द्यायचं. मी फार संथ खेळतो आणि कुणालाच पुढं जाऊ देत नाही.

एका दुष्काळाच्या वर्षी फुलंब्रीकडचा एक मेंढपाळ कळप घेऊन रोज सकाळी मैदानातून पलीकडच्या हौदावर जायचा. मी स्टिक उचलली की तो जागीच थांबायचा आणि पुढच्या मेंढीच्या गळ्यातली घंटी मुठीत धरायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा माझे लागोपाठ तीन फटके हुकले. तेव्हा तो हळूच म्हणाला, "सायेब, तुमी मारा निवांत. पण मेंढरायला लई तहान लागलीय. आमी पुढं जाऊ का?"

मी बाजूला झालो. हिरवळीला वळसा घालून तो कळप घेऊन गेला.

पुढं आजूबाजूला सोसायट्या झाल्या आणि मैदानाला भिंत घालायचं ठरलं. मेंढरांमुळं खेळाची शांतता बिघडते, असं अर्जात लिहिलं होतं. अर्ज माझ्याकडं आला तेव्हा रांगेत माझ्या मागं बरेच सभासद थांबले होते.

सही करायला मी अजिबात वेळ लावला नाही.