कमरेतली सुई आणि माझं व्याख्यान

नेवाशाच्या दवाखान्यातल्या त्या सिस्टर गरोदरपणातल्या दर तपासणीला माझा रक्तदाब मोजायच्या. पट्टा बांधताना हलकंच गुणगुणायच्या आणि मी काहीही सांगितलं तरी “व्हय का ताई?” एवढंच म्हणायच्या. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मी पुष्कळ सांगायचे.

बाळंतपणात कळा सोसेनात, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या कमरेत, मणक्याजवळ सुई दिली. दुखणं ओसरलं आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

“सिस्टर, या औषधानं रक्तवाहिन्या सैलावतात. मग रक्तदाब घसरतो आणि बाळाकडं जाणारं रक्त...”

पुढचं आठवेना. छत लांब गेलं, मळमळू लागलं.

तोवर सिस्टरनी मला डाव्या कुशीवर वळवून सलाईन वाढवलं होतं, डॉक्टरांना हाक मारली होती. मशीनवर बाळाचे ठोके मंदावले होते. इतका वेळ चाललेलं सिस्टरचं गुणगुणणं थांबलं, तेव्हा मी खरी घाबरले.

डॉक्टरांनी रक्तदाब वाढवायचं इंजेक्शन दिलं. हळूहळू ठोके पुन्हा पळू लागले.

“हां ताई, बाळाकडं जाणारं रक्त... फुडं?” सिस्टरनी विचारलं.

“जातंय ना हो?”

“जातंय की! लई झ्याक.”

मी हमसून रडले. तासाभरानं मुलगी झाली, तीही रडतच आली. सिस्टरनी तिला रडू दिलं, मला मात्र गप्प केलं.